ट्यूब निघाली, पण लेक माझ्याकडे बघत नाही

अर्धविराम

लेक सव्वादोन वर्षांची. जन्मतःच टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाच्या कप्प्यांमध्ये छिद्र आणि फुप्फुसांकडची वाट अडलेली. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फार बारीक होत्या म्हणून तान्ही असताना नुसता शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी आडवाट) घातला होता. आता छिद्र बुजवून, उजवीकडची अडलेली वाट मोकळी करून पूर्ण दुरुस्ती झाली. ऑपरेशन ठरल्यासारखं पार पडलं, पण पहिल्याच रात्री ठोके दोनशेच्या वर गेले. 'जेट' म्हणाले. अंगाखाली गार पाण्याची गादी घातली, औषधं देऊन पूर्ण झोपवून ठेवलं. लगेच निघणार होती ती श्वासाची नळी त्यामुळे बरीच लांबली.

काल निघाली एकदाची. सॅच्युरेशन ९७. तिची नखं गुलाबी असू शकतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. सगळे अभिनंदनाचे फोन करतायत.

आणि ती माझ्याकडे बघत नाहीये. डोळे उघडे असतात, पण नजर माझ्यावरून सरकून छताकडे जाते. हाक मारली तर मान वळत नाही. मधूनच हातपाय थरथरतात, घामाने उशी भिजते, सारख्या जांभया देते. रडते तेव्हा तोंड उघडतं, आवाज येत नाही. बाबा आला तरी तेच. नवरा म्हणतो गुंगी आहे, उतरेल. मला वाटतंय मेंदूला काही झालं असेल आणि कुणी सांगत नसेल. राऊंडला डॉक्टर येतात, लघवी किती, लॅक्टेट किती, ड्रेन (छातीतलं पाणी काढणारी नळी) किती, आणि मी वाक्य जुळवेपर्यंत पुढच्या बेडवर गेलेले असतात.

यातून कुणी गेलंय का?

झुळूक

गेलोय. आमचा लेक आठ महिन्यांचा होता, व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र. तोही नळी निघाल्यावर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत बसायचा. नंतर बघायला लागला. पण तुम्ही इथे उत्तरांची वाट बघत बसू नका. आत्ता जी सिस्टर ड्युटीवर असेल तिला हेच सगळं, जसं इथे लिहिलंय तसंच सांगा. राऊंडची वाट कशाला? सिस्टर ड्युटी डॉक्टरांना बोलावू शकते.

पांढरे बूट

मी मुलांच्या कार्डियाक आयसीयूत बरीच वर्षं काढली. झुळूक यांना +१, आधी सांगा. का सांगा ते लिहिते.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत आणि तिथे बेडशेजारी दोन्हींची वेगवेगळी नोंद होते, किंवा व्हायला हवी.

पहिली, घाम, थरथर, जांभया. यात शिंका, जुलाब, बारीक ताप, जरा हात लावला की दचकणं हेही धरा. फेंटानिल किंवा मॉर्फिन, आणि मिडाझोलाम, ही वेदनेची आणि गुंगीची औषधं सलग पाच-सहा दिवस चालली की शरीराला त्यांची सवय लागते. डोस झपाट्याने उतरवला की शरीर असं कुरकुरतं. हे व्यसन नव्हे, नातेवाइकांना तसं सांगत बसू नका. याला विथड्रॉवल म्हणतात आणि त्यासाठी एक गुणतक्ता असतो, दिवसातून दोनदा तरी भरतात. गुण चढले तर औषध एक पायरी परत वर नेतात आणि मग रोज १० ते २० टक्क्यांनी खाली आणतात, कधी तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीतून दुसरं औषध सुरू करून. घरी जाईपर्यंत हे चालू शकतं.

दुसरी, नजर. त्याला डिलिरियम (भान हरपून गोंधळणं) म्हणतात आणि त्याचा तक्ता वेगळा आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा. त्यात आठ प्रश्न असतात. त्यातला पहिलाच प्रश्न माहितीये काय आहे? मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यात बघतं का. तुम्ही जे बघितलंत ते इतकं नेहमीचं आहे की तक्ता करणाऱ्यांनी ते सगळ्यात वर घातलं. पुढचे प्रश्न हालचालींना काही हेतू दिसतो का, आसपासचं भान आहे का, काय हवंय ते कळवतं का, असे. ९ किंवा त्यापेक्षा जास्त गुण आले तर डिलिरियमचा संशय घ्यायचा. आरडाओरडा करणारं डिलिरियम सगळ्यांना दिसतं. तुमच्या लेकीसारखं गप्प, छताकडे बघणारं डिलिरियम 'शांत आहे, छान आहे' म्हणून सुटून जातं. म्हणून सिस्टरला नेमका प्रश्न विचारा: हिचा डिलिरियमचा स्कोअर किती आहे?

तोवर तुमच्या हातात असलेलं. दिवसा पडदे उघडायला सांगा. रात्री दिवा मंद, मॉनिटरचा आवाज परवानगी असेल तितका कमी. एका वेळी एकच माणूस बोलेल. 'मला ओळखलंस का?' हा प्रश्न अजिबात नको, ती परीक्षा होते. त्यापेक्षा आता काय होणार ते सांगा: आता सिस्टर पट्टी काढणार, आता मी ओठ पुसणार. घरची उशी, रोजचं बाहुलं आत नेता येत असेल तर न्या.

स्टेथो

बालरोगतज्ज्ञ आहे, हृदयाचा नाही. वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर. 'डिलिरियमच असेल' असं धाग्यावर ठरवायचं नसतं, कारण तोच चेहरा दुसऱ्या कारणांनीही दिसतो. थरथर असेल तर रक्तातली साखर आणि कॅल्शियम आधी बघतात. फॅलोच्या काही मुलांत २२व्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा नसतो, त्यांच्यात कॅल्शियम मुळातच कमी राहू शकतं. तुमच्या लेकीची ती तपासणी झाली असेलच, फाइलमध्ये बघा.

मेंदूबद्दल. ऑपरेशनमध्ये बायपासवर (हार्ट-लंग मशीनवर) ठेवलेल्या लहान मुलाला झटके येणं किंवा पक्षाघाताचा झटका येणं शक्य असतं, विरळ असतं. तुम्ही बघायचं ते एवढं: दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे हलतात का. नजर सतत एकाच बाजूला खेचलेली आहे का. थरथर तुम्ही हाताने धरल्यावर थांबते का, की धरूनही तालात चालूच राहते. धरल्यावर थांबत असेल तर झटका असण्याची शक्यता कमी. यातलं काही खटकलं तर राऊंड वगैरे नाही, तिथल्या तिथे आवाज द्यायचा. गरज वाटली तर ते ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) किंवा स्कॅन करतील.

आवाजाचं मात्र इतक्यात मनाला लावून घेऊ नका. इतके दिवस नळी घशात होती, स्वरतंतू सुजलेले असणार. एक-दोन दिवसांत घोगरा का होईना आवाज येतो.

संशयात्मा

माफ करा, पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. इतक्या लहान जिवाला इतके दिवस गुंगीत ठेवायलाच का लागावं? जागं ठेवून, थोडं रडू देऊन चाललं नसतं का? औषधांनी आजार निर्माण करायचा, मग त्यावर तक्ते भरायचे.

स्टेथो

@संशयात्मा, प्रश्न रास्त आहे, सूर नाही. 'जेट' म्हणजे ठोक्याची सुरुवात जिथून व्हायला हवी तिथून न होता हृदयाच्या मधल्या गाठीपाशी होते आणि ती गाठ भलत्याच वेगाने धावते. फॅलोच्या दुरुस्तीत टाके नेमके त्याच भागाजवळ पडतात. वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांची वाट न बघता आकुंचन पावतात, त्यामुळे दर ठोक्याला रक्त कमी ढकललं जातं. आणि हे होतं पहिल्या एक-दोन दिवसांत, जेव्हा हृदय मुळातच थकलेलं असतं. उपाय काय, तर अंगाचं तापमान ३४-३५ अंश सेल्सियसपर्यंत खाली आणायचं, मॅग्नेशियम, लय आवरणारं ॲमिओडॅरोन, आणि ठोके वाढवणारी ॲड्रेनलिनसारखी औषधं जमेल तितकी कमी करायची. जागं मूल ३४ अंशांवर कुडकुडतं, रडतं, त्याचं स्वतःचं ॲड्रेनलिन उसळतं आणि लय आणखी बिघडते. म्हणून गुंगी. बहुतेकदा काही दिवसांत जेट आपोआप निवतं.

औषध कमीत कमी द्यावं, मिडाझोलामऐवजी शक्य तिथे डेक्समेडेटोमिडिन वापरावं, याकडे हल्ली सगळीकडे कल आहेच. पण त्या रात्री गुंगी नको होती असं म्हणता येणार नाही.

संशयात्मा

ठीक. हे असं कुणी आधी सांगत नाही म्हणून चिडायला होतं.

टाक्यांची रांग

आयडीवरून कळलंच असेल. मी चार वर्षांचा असताना माझं हेच ऑपरेशन झालं, आज चाळिशी ओलांडली आहे. दुसरी बाजू लिहितो.

मला आयसीयूतलं फार थोडं आठवतं आणि जे आठवतं ते घडलेलं नाही. छतावर मुंग्या होत्या आणि त्या माझ्या नळीतून आत येत होत्या, हे मी शाळेत जाईपर्यंत खरं मानत होतो. आई शेजारी असायची हे फोटोत दिसतं. मला आठवते ती आई नाही, मला आठवतं की आई त्या मुंग्या हाकलत नव्हती. त्यामुळे मी तिच्याशी बोलत नव्हतो. घरी आल्यावरही बरेच दिवस मी बाबांकडेच जायचो, आणि आईला ते किती लागलं असेल हे मला मोठेपणी कळलं.

तेव्हा माझा तुम्हाला सल्ला वगैरे नाही. फक्त इतकं, की 'ओळखत नाही' आणि 'रागावली आहे' हे बाहेरून अगदी सारखं दिसतं.

इतिहासाचा उंदीर

टाक्यांची रांग यांनी जे लिहिलंय ते आधी लोकांनी टिपून ठेवलंय. १९४०च्या दशकाच्या शेवटी जेम्स रॉबर्टसन लंडनमध्ये इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. तेव्हा आईवडिलांना भेटीची वेळ आठवड्याला तासाभराची असायची, काही ठिकाणी तीही नाही. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आकांत करतं. मग आशा सोडून गप्प होतं. आणि तिसऱ्या टप्प्यात ते वॉर्डात रुळतं, नर्सशी हसतं, पण आई आली की तोंड फिरवतं. त्या तिसऱ्या टप्प्याला तेव्हाचे कर्मचारी 'मूल छान सेट झालं' म्हणायचे! रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आरडाओरडा केला, १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला आणि भेटीच्या वेळा मोकळ्या कराव्यात, लहान मुलांसोबत आईला राहू द्यावं, असं सरकारदप्तरी नोंदलं गेलं. आज आयसीयूत आपल्याला खुर्ची मिळते, ती या भांडणातून मिळालेली आहे.

अवांतर: फॅलोची पहिली पूर्ण दुरुस्ती १९५४ची, मिनेसोटात, सर्जन वॉल्टन लिलेहाय यांची. हार्ट-लंग मशीनवर भरवसा बसायच्या आधीचा काळ. त्यांनी मुलाच्या रक्तवाहिन्या शेजारच्या टेबलावर झोपवलेल्या दात्याच्या, बहुतेकदा आईच्या किंवा बापाच्या, रक्तवाहिन्यांना जोडल्या. ऑपरेशनभर मुलाचं रक्त त्या दात्याच्या फुप्फुसात शुद्ध व्हायचं. आणि तान्हेपणी घालतात तो शंट त्याच्याही आधीचा, १९४४चा, ब्लॅलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांचा. थॉमस डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळेत सहायक होते. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ते स्टुलावर उभे राहून ब्लॅलॉकना मागून सांगत होते. शंटच्या नावात त्यांचं नाव घालायला जगाला बराच वेळ लागला.

अर्धविराम

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. रात्रीच्या सिस्टरला स्कोअर विचारला. तिने माझ्याकडे जरा चमकून बघितलं आणि तक्ता दाखवला. विथड्रॉवलचे गुण वाढलेले होते, डिलिरियमचेही. ड्युटी डॉक्टर आले, साखर आणि कॅल्शियम बघितलं, दोन्ही ठीक. हातपाय, डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, तेही ठीक. फेंटानिल थोडं परत वाढवलं आणि आता सावकाश उतरवणार आहेत. मिडाझोलाम बंद केलं. २२व्या गुणसूत्राची तपासणी शंटच्या वेळीच झाली होती, नॉर्मल आहे.

आज थरथर बरीच कमी आहे. माझ्याकडे अजून बघत नाही. पण तिच्या सशाचा कान मुठीत धरून ठेवलाय आणि मी तो हळूच ओढला की ती परत ओढते. स्टेथो, हे हेतुपूर्वक धरायचं का?

स्टेथो

धरायचं.

पांढरे बूट

धरायचंच! आणि तक्त्यात भरणाऱ्या सिस्टरलाही सांगा, कारण तिच्या पाळीत ससा झोपलेला असेल.

जुई

मी बरेच दिवस नुसती वाचतेय, आमचं ग्लेन (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त थेट फुप्फुसांकडे वळवायचं ऑपरेशन) झालंय. इथे ड्रेनबद्दल विचारलं तर चालेल का? दूध सुरू केल्यावर बाळाच्या ड्रेनमधलं पाणी एकदम पांढुरकं झालं. आधी फिकट पिवळं होतं. पू असेल म्हणून मी घाबरले, डॉक्टर म्हणाले कायलोथोरॅक्स आणि दूध बंद केलं. माझं दूध का बंद?

पांढरे बूट

जुई, पू नाही. आतड्यात शोषलेली चरबी एका वेगळ्या नाजूक नलिकेतून छातीतून वर जाते आणि मानेजवळच्या शिरेत मिसळते. ऑपरेशनमध्ये ती नलिका दुखावली, किंवा त्या शिरेतला दाब वाढला, की तो द्रव छातीत झिरपतो. ग्लेननंतर तो दाब वाढलेलाच असतो. दूध पोटात गेल्यावर चरबी आली, म्हणून रंग बदलला. आधीही गळत असेल, दिसत नव्हतं.

उपाय बहुतेक वेळा आहारातला: ज्यात मध्यम साखळीची चरबी असते असं खास दूध देतात. ती चरबी या नलिकेच्या वाटेने जात नाही, थेट यकृताकडे जाते. साधारण चार ते सहा आठवडे. तेवढ्याने भागलं नाही तर तोंडावाटे सगळं बंद करून शिरेतून पोषण, गळती कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड, क्वचित पुन्हा ऑपरेशन. तुमचं दूध काढून फ्रीझ करत राहा, धार आटू देऊ नका. काही ठिकाणी आईचंच दूध फिरवून वरची साय काढून देतात, तुमच्याकडे होतं का ते आहारतज्ज्ञांना विचारा. या दिवसांत बाळ चरबीच नाही तर प्रथिनं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही ड्रेनमधून गमावत असतं, म्हणून हात धुण्याबाबत आजी-आजोबांनाही सूट नाही.

जुई

खूप खूप आभार. फ्रीझचं आत्ताच विचारते. आणि सॅच्युरेशन ८० ला आहे. इथे सगळे ९७ म्हणतायत.

स्टेथो

ग्लेननंतर ७५ ते ८५ हेच अपेक्षित असतं, कारण शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातलं रक्त अजून फुप्फुसात न जाता मिसळतंय. दुसऱ्याच्या मुलाचा आकडा बघू नका. डिस्चार्जच्या कागदावर 'या मुलाचं नेहमीचं सॅच्युरेशन' लिहून घ्या. उद्या दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात सर्दीसाठी गेलात आणि ८० बघून त्यांनी धावपळ सुरू केली, तर तो कागद दाखवायचा.

अर्धविराम

जुई, तुझ्या बाळासाठी शुभेच्छा. आमचेही ड्रेन अजून निघाले नाहीत, पण रंग पिवळाच आहे. डॉक्टरांनी आज थांबून समजावलं (मी प्रश्न कागदावर लिहून बेडला चिकटवून ठेवलेत, हा कुणीतरी सांगायला हवा होता असा उपाय). इतकी वर्षं अडलेल्या वाटेशी झगडून उजवा कप्पा जाड आणि ताठ झालाय. तो पटकन सैल पडत नाही, मागे दाब तुंबतो, म्हणून यकृत सुजलंय आणि छातीत पाणी येतंय. लघवीची औषधं चालू आहेत, पाणी मोजून. डायपरचं वजन आता मी करते.

आवाज आला. घोगरा, पण आला. पहिला शब्द 'नाही'. सिस्टरला.

माझ्याकडे थोडं थोडं बघते, पण रागाने. बाबाकडून पाणी पिते, माझ्याकडून नाही.

टाक्यांची रांग

मुंग्या हाकला. विनोद नाही करत. तिला विचारा काय दिसतंय, आणि जे दिसतंय त्याचा बंदोबस्त करा.

झुळूक

आणि बाबाला जास्त भाव खाऊ देऊ नका :)

पाणी पाजताना खोकला येतो का, ठसका लागतो का, ते बघा. घोगरा आवाज आणि ठसका एकत्र असेल तर आमच्याकडे आधी गिळण्याची तपासणी केली होती. स्वरतंतू नीट मिटत नसेल तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो. आमच्या लेकाला काही आठवडे दूध घट्ट करून द्यावं लागलं.

खोडकर खार

ऑपरेशननंतर ठेवलेल्या पेसिंगच्या तारा कधी काढतात? माझ्या भाच्याच्या पोटावर टेपने चिकटवलेल्या दोन निळ्या तारा आहेत आणि बहीण त्यांच्याकडे बघतही नाही.

पांढरे बूट

हृदयाच्या पृष्ठभागावर तात्पुरत्या लावलेल्या असतात, ठोका अडला तर बाहेरच्या डबीतून चालवता यावा म्हणून. लय काही दिवस स्थिर राहिली की घरी जाण्याआधी बेडवरच ओढून काढतात. क्षणभराचं काम आहे. त्यानंतर काही तास मुलाला अंथरुणात ठेवून ठोके आणि रक्तदाब बघतात, कारण काढताना हृदयाभोवती रक्त साचण्याची थोडी शक्यता असते. त्या काही तासांत मूल अचानक फिकट, चिडचिडं किंवा सुस्त झालं तर लगेच सांगायचं. ठोका अडलेलाच राहिला तर साधारण सात ते दहा दिवस वाट बघून मग कायमच्या पेसमेकरचा विचार करतात.

इतिहासाचा उंदीर

राहवत नाही. त्या डबीचीही गोष्ट आहे. सुरुवातीचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालायचे, मूल वायरच्या लांबीइतकंच फिरू शकायचं. १९५७ साली मिनियापोलिसमध्ये वीज गेली आणि लिलेहाय यांच्या वॉर्डातली मुलं उघड्यावर पडली. त्यांनी रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना गाठलं, आणि बॅकननी गॅरेजमध्ये बॅटरीवर चालणारी, अंगावर बांधता येणारी डबी केली. बहिणीला सांगा, त्या तारांमुळे तिला चिडचिड होत असेल तर ठीक, पण डबी लहान मुलांच्याच वॉर्डातून जन्माला आलेली आहे.

अर्धविराम

ड्रेन निघाले. वॉर्डात आलो. काल रात्री झोपेत दचकून उठली, मी मुंग्या विचारल्या. मुंग्या नाहीत, 'पाणी पडतंय' म्हणाली. मी ते पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग माझ्या अंगावर पाय टाकून झोपली. सकाळी परत बाबाच हवा. चालेल.

आता डिस्चार्जची भाषा सुरू आहे. उचलायचं कसं ते सिस्टरने घाईघाईत दाखवलं, नीट कळलं नाही.

पांढरे बूट

काखेत हात घालून उचलायचं नाही. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि काखेतून उचललं की त्यावर थेट ताण येतो. एक हात मान-पाठीखाली, एक बुडाखाली, आणि दोन्ही हातांवर पूर्ण वजन घेऊन उचला. हात धरून ओढून उठवू नका, हवेत झोके नाहीत, तीन चाकी सायकलही तेवढे दिवस नाही. पुढून उघडणारे कपडे घाला, डोक्यावरून नको. ती स्वतःहून हात वर करून काही काढत असेल तर मागे धावू नका. मुलं स्वतःला दुखेल असं फार करत नाहीत. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून साबणाचे फुगे फुंकायला द्या. श्वासाचा व्यायाम म्हणून सांगितलेलं यंत्र ती बघणारसुद्धा नाही.

स्टेथो

घरी गेल्यावरच्या दोन गोष्टी डिस्चार्जच्या गडबडीत राहतात. ऑपरेशननंतर साधारण पहिल्या ते सहाव्या आठवड्यात हृदयाभोवती पाणी साचू शकतं. मोठी मुलं छातीत दुखतं म्हणतात. लहान मुलं जेवत नाहीत, उलट्या करतात, चिडचिडतात, ताप येतो, आणि घरचे पोट बिघडलं समजतात. त्या काळात उलट्या आणि सुस्ती असेल तर हृदयवाल्या डॉक्टरांना फोन करा, तिथे एको करून लगेच कळतं. जखम लाल, गरम, ओली वाटली किंवा हाडाशी 'कट' असा आवाज जाणवला तरी तेच.

दुसरं, दात. तोंडातले जंतू रक्तात जाऊन छिद्र बुजवणाऱ्या आतल्या पॅचवर बसू शकतात. दोन्ही वेळा ब्रश, आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दात काढणं वगैरे निघालं तर आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, दंतवैद्याला आपणहून सांगायचं. गळती उरली असेल किंवा कृत्रिम झडप असेल तर ती काळजी त्यानंतरही चालू. लसींचं वेळापत्रकही विचारून घ्या. रक्त आणि रक्तघटक दिले असतील तर गोवरसारख्या जिवंत लसी काही महिने पुढे ढकलतात.

खोडकर खार

वागण्याचं काय? भाचा घरी गेल्यावर ओरडत उठतो, पुन्हा डायपर लागतंय, बहिणीला बाथरूमलाही जाऊ देत नाही.

टाक्यांची रांग

माझ्या आईच्या सांगण्यानुसार मी बरेच महिने दार बंद केलं की किंचाळायचो. मग शाळा सुरू झाली आणि ते विसरलो. सवयी मागे गेल्या म्हणून ओरडू नका, एवढंच. डॉक्टर-डॉक्टर खेळात तो बाहुलीला वाट्टेल तितक्या सुया टोचेल, टोचू द्या.

अर्धविराम

आज सोडतायत! औषधांचा तक्ता फ्रिजवर लावायला छापून घेतला, नेहमीचं सॅच्युरेशन कागदावर लिहून घेतलं, जुई, तूही विसरू नकोस. एक शेवटचं. गाडीत तिच्या सीटचा पट्टा बरोबर टाक्यांवर येतो. नवरा म्हणतो मांडीवर घेऊ.

पांढरे बूट

मांडीवर नाही. ब्रेक लागला तर टाकेच काय, मूलच हातातून सुटतं. सीटमध्येच बसवा आणि पट्टा नेहमीइतकाच घट्ट. टाक्यांवर घासत असेल तर मध्ये पातळ मऊ रुमाल ठेवा, जाड उशी नको, त्याने पट्टा सैल पडतो. दुखण्याचं औषध निघायच्या अर्धा तास आधी द्या, आणि ससा पुढच्या सीटवर विसरू नका.